टर्बो गळतो, पण दोष कोणाचा?

निळा धूर दिसताच टर्बो बदलण्याची घाई नको. आधी ऑइलची परतीची वाट तपासा

पुणतांबा - सकाळी गाडी सुरू करताच मागून निळसर धुराचा लोट निघतो. ऑइलची पातळी दर पंधरवड्याला खाली जाते. चढावर पूर्वीसारखा जोर मिळत नाही. गॅरेजमध्ये बॉनेट उघडले जाते, टर्बोला जोडलेला रबरी होज काढला जातो, त्यातून काळे ऑइल ओघळते आणि निदान ठरते, 'टर्बो गेला'. डिझेल गाडी बाळगणाऱ्यांच्या मनात धडकी भरवणारे हे दोन शब्द. कारण त्यापाठोपाठ येणारा खर्च हजारांत नव्हे, तर दहा-दहा हजारांच्या पटीत मोजावा लागतो. त्याहून क्लेशदायक बाब अशी की, नवा टर्बो बसवूनही काही महिन्यांत तोच धूर आणि तीच गळती पुन्हा सुरू झाल्याचा अनुभव अनेक वाहनधारकांच्या वाट्याला येतो.

असे का घडते, याचे उत्तर टर्बोच्या रचनेतच दडलेले आहे. टर्बोमधून ऑइल गळत असले, तरी गळतीचे मूळ बहुधा टर्बोत नसते. ते हवेच्या फिल्टरमध्ये, इंजिनच्या ब्रीदरमध्ये, ऑइल परत नेणाऱ्या एका साध्या नळीत किंवा इंजिनच्या झिजलेल्या रिंगांमध्ये असू शकते. मूळ कारण न शोधता टर्बो बदलणे म्हणजे तुंबलेले गटार साफ न करता ओल आलेल्या भिंतीला रंग देण्यासारखे आहे.

पुणतांब्यासारख्या गावाचा प्रश्न

गोदावरीकाठी वसलेले, चांगदेवांच्या समाधीमुळे भाविकांना परिचित असलेले पुणतांबा हे राहाता तालुक्यातील गाव २०१७ च्या जूनमधील शेतकरी संपामुळे देशभर पोहोचले. दौंड-मनमाड लोहमार्गावरील या स्थानकाला २००९ मध्ये साईनगर शिर्डीचा फाटा जोडला गेला आणि ते जंक्शन झाले. तरीही रेल्वेच्या वेळा सर्वांना सोयीच्या नसतात. शिर्डी, कोपरगाव, श्रीरामपूर या त्रिकोणातील प्रवास मोठ्या प्रमाणात रस्त्यानेच होतो. भाविकांची ने-आण करणाऱ्या सात-आठ आसनी डिझेल गाड्या, शेतमाल वाहणारे पिकअप टेम्पो आणि घरच्या मोटारी यांचा तो परिसर.

या गाड्यांच्या वाट्याला येणारे काम नेमके टर्बोला न मानवणारे आहे. प्रवासी दर्शनाला गेले की, उन्हाळ्यात वातानुकूलन चालू ठेवण्यासाठी चालक गाडी तासन् तास जागेवर सुरू ठेवतात. उसाच्या हंगामात बैलगाड्या, ट्रॅक्टर व ट्रक यांच्या रहदारीने शिवाररस्त्यांवर धुळीचे लोट उठतात. नगर-मनमाड महामार्गाची दुरवस्था हा तर वर्षानुवर्षे बातम्यांचा विषय आहे. जवळजवळची अंतरे, जागेवर चालणारे इंजिन, धूळ आणि ऊन या चार गोष्टी एकत्र आल्या की, टर्बोच्या तक्रारी वाढणे स्वाभाविक ठरते. ज्याचे पोट त्या गाडीवर आहे आणि ज्याच्या डोक्यावर कर्जाचे हप्ते आहेत, त्याच्यासाठी चुकीचे निदान ही केवळ तांत्रिक बाब राहत नाही.

मिनिटाला दोन लाख फेरे

टर्बोची कल्पना शंभर वर्षांहून जुनी आहे. आल्फ्रेड ब्यूखी या स्विस अभियंत्याने १९०५ मध्ये तिचे पेटंट घेतले. इंजिनमधून बाहेर फेकल्या जाणाऱ्या तप्त वायूंमध्ये बरीच ऊर्जा वाया जाते. तिच्यावर एक चक्र फिरवायचे आणि त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकावरील चक्राने बाहेरची हवा दाबून इंजिनमध्ये ढकलायची, हे त्यामागील सूत्र. हवा जास्त मिळाली की इंधन जास्त जाळता येते आणि लहान इंजिनातून मोठे बळ मिळते.

पुणतांब्याच्या फलाटावरून विद्युतीकरणापूर्वी ज्या डिझेल रेल्वे इंजिनांनी गाड्या ओढल्या, तीही टर्बोधारीच होती. १९६२ पासून आधी अमेरिकेतील ॲल्को कंपनीकडून आणि पुढे वाराणसीच्या कारखान्यातून आलेली डब्ल्यूडीएम-२ जातीची २,६०० अश्वशक्तीची इंजिने त्याचे ठळक उदाहरण. इंजिन बंद केल्यावर टर्बोचा दांडा किती वेळ फिरत राहतो, हे घड्याळ लावून मोजण्याची पद्धत रेल्वेच्या लोको शेडमध्ये रूढ झाली. दांडा लवकर थांबला तर बेअरिंगमध्ये अडथळा आहे, असे समजायचे. टर्बोला दोषी ठरवण्यापूर्वी त्याची चाचणी घ्यायची, ही शिस्त त्यातून दिसते.

प्रवासी मोटारींत टर्बो घरोघरी पोहोचला तो २००० नंतरच्या दशकात. महिंद्रची स्कॉर्पिओ २००२ मध्ये आणि टोयोटाची इनोव्हा २००५ मध्ये आली. २००७ मध्ये मारुतीच्या स्विफ्टला फियाटच्या १.३ लिटर मल्टिजेट रचनेचे डिझेल इंजिन मिळाले. हेच इंजिन पुणे-नगर रस्त्यावरील रांजणगावच्या कारखान्यातही तयार होऊ लागले व टाटांच्या इंडिका व्हिस्टापर्यंत पोहोचले. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ निकष लागू झाले, तेव्हा मारुतीने डिझेल मोटारी थांबवल्या आणि हे इंजिनही मागे पडले. परंतु त्यावर धावणाऱ्या असंख्य जुन्या गाड्या आजही रस्त्यावर आहेत. शिवाय आता लहान पेट्रोल मोटारींनाही टर्बो असतो. म्हणजे हा प्रश्न केवळ डिझेलवाल्यांचा उरलेला नाही.

मोटारीच्या टर्बोचा दांडा बोटाएवढाही जाड नसतो. मात्र तो मिनिटाला दीड ते दोन लाख फेरे घेतो. लहान टर्बोत हा वेग त्याहूनही अधिक असतो. दांड्याच्या एका टोकाला आठशे अंशांच्या आसपास तापलेले वायू, पेट्रोल इंजिनात त्याहूनही तप्त, आणि दुसऱ्या टोकाला बाहेरची हवा. अशा स्थितीत बहुतेक मोटारींच्या टर्बोत दांडा ऑइलच्या पातळ थरावर अक्षरशः तरंगत असतो. हे ऑइल इंजिनच्या पंपाकडून दाबाने येते, बेअरिंगला वंगण देते, उष्णता वाहून नेते आणि खालच्या नळीवाटे इंजिनच्या चेंबरमध्ये परत जाते.

सील रबराचे नसते

टर्बोत ऑइल अडवण्यासाठी रबरी सील असते आणि ते फाटले की गळती होते, असा समज सर्वत्र आढळतो. वस्तुस्थिती वेगळी आहे. एवढ्या वेगात आणि उष्णतेत रबर टिकूच शकत नाही. तेथे पिस्टनच्या रिंगसारख्या बारीक धातूच्या रिंगा असतात. त्या ऑइल पूर्णपणे अडवत नाहीत. चक्रांच्या बाजूला असलेला हवेचा व वायूंचा दाब आतल्या बाजूच्या दाबापेक्षा अधिक असतो, म्हणून ऑइल आतच राहते. म्हणजेच ऑइल अडवण्याचे निम्मे काम रिंगा करतात आणि उरलेले निम्मे दाबाचा समतोल करतो.

हा समतोल ढळला की, पूर्णपणे निर्दोष, अगदी कोरा करकरीत टर्बोही ऑइल टाकू लागतो. साऱ्या निदानाची किल्ली या एका वाक्यात आहे.

ऑइल आत येण्याची आणि बाहेर जाण्याची वाट सारखी नसते, हेही समजून घ्यायला हवे. आत येणारी नळी पेन्सिलीएवढी किंवा त्याहून बारीक असते, कारण ऑइल दाबाने येते. बाहेर जाणारी नळी अंगठ्याएवढी जाड असते. बेअरिंगमधून घुसळून निघालेल्या ऑइलला फेस आलेला असतो आणि त्याला मागून ढकलणारा कोणी नसतो. ते केवळ स्वतःच्या वजनाने खाली उतरते. त्यामुळे परतीच्या नळीत थोडा जरी अडथळा आला, तरी टर्बोच्या मधल्या भागात ऑइल साचते, रिंगांपर्यंत चढते आणि दोन्ही बाजूंनी वाट शोधते.

समतोल बिघडवणाऱ्या गोष्टी

पहिला संशयित परतीची नळी. जळालेल्या ऑइलचा गाळ, नळीला पडलेला पीळ, चुकीचे बसवलेले पॅकिंग किंवा पॅकिंगसोबत सढळ हाताने लावलेले सिलिकॉनचे सोल्यूशन यांमुळे ती अरुंद होते. सोल्यूशनचा दाबून आत आलेला तुकडा पुढे सुटून ऑइलच्या वाटेत अडकण्याची भीती असते. म्हणूनच टर्बोच्या ऑइलच्या जोडांवर असे सोल्यूशन वापरू नये, असे टर्बोचे उत्पादक बजावून सांगतात.

दुसरा संशयित इंजिनच्या पोटातील दाब. पिस्टनच्या रिंगा झिजल्या की, सिलिंडरमधील वायू खाली चेंबरमध्ये उतरतात. गॅरेजच्या भाषेत यालाच 'बॅक कॉम्प्रेशन' म्हणतात. हे वायू बाहेर नेण्याचे काम ब्रीदरचे. ब्रीदर तुंबला किंवा वायूंचे प्रमाण त्याच्या आवाक्याबाहेर गेले की, चेंबरमध्ये दाब वाढतो. मग टर्बोतून उतरू पाहणाऱ्या ऑइलला खालून विरोध होतो. अशा इंजिनावर कितीही महागडा टर्बो बसवला, तरी तो गळणारच.

तिसरा, हवेचा फिल्टर. फिल्टर धुळीने भरला की टर्बोला हवा ओढण्यासाठी झगडावे लागते. हवेच्या चक्रामागे दाब कमी होतो आणि त्या ओढीने ऑइल हवेच्या नळ्यांत खेचले जाते. पुणतांबा परिसरातील धूळ पाहता पुस्तिकेतील मुदत पूर्ण होण्याआधीच फिल्टर उघडून पाहणे येथे शहाणपणाचे ठरते.

चौथा, जागेवर चालणारे इंजिन. मंद गतीत टर्बोचे चक्र हळू फिरते, चक्रांमागे दाब जवळजवळ नसतो, ऑइलचा पुरवठा मात्र सुरूच असतो. अर्धा-पाऊण तास उभी राहिलेली गाडी निघताना निळा धूर सोडते आणि दोन किलोमीटरनंतर धूर नाहीसा होतो, याचा अर्थ टर्बो मोडलाच असे नव्हे.

पाचवा, ऑइलची जादा पातळी. पट्टीवरील वरच्या खुणेच्या वर ऑइल भरले की, परतीच्या नळीचे तोंड किंवा फिरता क्रँक त्याच्या संपर्कात येऊ शकतो. डीपीएफ म्हणजे धुरातील काजळी अडवणारी गाळणी असलेल्या नव्या डिझेल गाड्यांत तर न भरताही पातळी वाढते. काजळी जाळण्यासाठी सोडलेले जादा डिझेल छोट्या फेऱ्यांमुळे पुरते जळत नाही आणि ऑइलमध्ये मिसळते. याच गाळणीत काजळी साचली, तर धुराच्या वाटेतील दाबही बिघडतो.

या पाचही बाबी निर्दोष आढळल्या, तरच सहाव्या कारणाकडे वळावे, ते म्हणजे टर्बोचे बेअरिंग खरोखर झिजणे. येथेही प्रश्न उरतोच, बेअरिंग झिजले कशामुळे? ऑइल अपुरे मिळाले, घाणेरडे मिळाले की मिळायला उशीर झाला? युरोपात फोर्ड व प्यूजो यांच्या मोटारींतील १.६ लिटर डिझेल इंजिन या संदर्भात तंत्रज्ञांच्या वर्तुळात कुप्रसिद्ध झाले. इंजेक्टरच्या खालून झिरपलेल्या वायूंमुळे ऑइलमध्ये काजळीचा गाळ तयार होई. टर्बोला ऑइल देणाऱ्या बोल्टमधील बारीक जाळी त्या गाळाने बुजे आणि एकामागून एक टर्बो निकामी होत. टर्बो बदलले जात होते, पण दोष इंजेक्टरच्या एका वायसरपासून सुरू झालेला होता.

तपासणीचा क्रम

तपासणी स्वस्त आणि सोप्या गोष्टींपासून सुरू करून खर्चिक गोष्टींकडे न्यावी. इंजिन थंड असतानाच टर्बोजवळ हात घालावा.

आधी ऑइल टर्बोचेच आहे का, हे ठरवावे. इंजिनच्या वरच्या झाकणाचे पॅकिंग किंवा व्हॅक्यूम पंपाचा जोड गळत असेल, तर ऑइल ओघळून टर्बोवर येते आणि नाव टर्बोचे होते. संपूर्ण भाग स्वच्छ पुसून, धुऊन, गाडी वीस-पंचवीस किलोमीटर चालवावी आणि पहिला ओलावा कोठे उमटतो ते पाहावे. ऑइलच्या नळीच्या बोल्टखालील तांब्याचे वायसर बदलून भागणारे काम असेल, तर ते याच टप्प्यावर उघड होते.

मग धूर पाहावा. निळसर धूर जळणाऱ्या ऑइलचा, काळा धूर हवेच्या मानाने जादा झालेल्या इंधनाचा आणि पांढरा, दाट, न विरणारा धूर बहुधा पाण्याचा किंवा न जळलेल्या डिझेलचा. निळा धूर मात्र झिजलेल्या रिंगांमुळे किंवा व्हॉल्व्हच्या सीलमुळेही येतो, हे विसरू नये.

ऑइल किती खर्च होते, याची नोंद ठेवावी. बहुतेक लहान मोटारींत पट्टीवरील दोन खुणांमधील अंतर सुमारे एक लिटरचे असते. सपाट जागी, इंजिन बंद करून दहा मिनिटांनी पातळी पाहावी, किलोमीटरची नोंद करावी आणि हजार किलोमीटरनंतर पुन्हा पाहावे. 'ऑइल खाते' या मोघम तक्रारीपेक्षा हा आकडा मिस्त्रीला अधिक उपयोगी पडतो.

यानंतर हवेचा फिल्टर आणि होज. येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. ब्रीदरमधून येणारे ऑइलचे तुषार बहुतेक गाड्यांत टर्बोच्या अलीकडे हवेत सोडले जातात. त्यामुळे होजच्या आत ऑइलचा पातळ थर असणे नैसर्गिक आहे. बोटाला ओलसरपणा लागला म्हणून टर्बो बाद ठरत नाही. होज उलटा केल्यावर ऑइल ओतले जात असेल, इंटरकूलरच्या तळाशी डबके साचले असेल, तर मात्र ती गळती होय. टर्बोच्या अलीकडचा होज कोरडा आणि पलीकडचा भरलेला असेल, तर संशय टर्बोकडे वळतो. अलीकडचाच ओथंबलेला असेल, तर तो ब्रीदरकडे वळतो.

ब्रीदर तपासण्याची सोपी चाचणी म्हणजे इंजिन मंद गतीत चालू असताना ऑइल भरण्याचे झाकण जपून सैल करणे. तप्त ऑइलचे शिंतोडे उडू शकतात, म्हणून चेहरा दूर ठेवून आणि हातमोजे घालूनच हे करावे. किंचित स्पंदन जाणवणे ठीक. पण वाफेसारखा धूर झोताने बाहेर पडत असेल, झाकण उडू पाहत असेल, तर बॅक कॉम्प्रेशन आहे. ब्रीदर साफ करूनही ते कमी झाले नाही, तर गाडीचा आजार इंजिनमध्ये आहे. चांगल्या कार्यशाळेत हा दाब मापकाने मोजता येतो.

आता परतीची नळी काढून आतून पाहावी. तिच्यातून उजेड आरपार दिसला पाहिजे. सोबत ऑइल आणणारी नळी व तिच्या बोल्टमध्ये जाळी असल्यास ती तपासावी.

सर्वांत शेवटी टर्बोचा दांडा. हवेच्या बाजूचा होज काढून मधली टोपी दोन बोटांनी धरावी. दांडा आडवा, म्हणजे बाजूंना, किंचित हलणे हा दोष नाही. ऑइलचा थर राहण्यासाठी तेथे जागा ठेवलेलीच असते आणि बंद इंजिनात ती हाताला जाणवते. येथेच अनेक निर्दोष टर्बो दोषी ठरतात. मात्र दांडा पुढे-मागे हलल्याचे हाताला स्पष्ट जाणवले, तर ते झिजल्याचे लक्षण आहे, कारण ही मोकळीक मिलिमीटरच्या जेमतेम दहाव्या भागाएवढी किंवा त्याहून कमी असते. चक्राची पाती कवचाला घासल्याच्या खुणा, तुटलेली कड किंवा अडखळत फिरणारा दांडा दिसला, तर टर्बो खरोखरच कामातून गेला, असे मानावे.

निदान चुकले तर

कल्पना करू की, दीड लाख किलोमीटर झालेल्या एका प्रवासी गाडीला निळा धूर येतो. चालक दुसऱ्या दिवशीचे भाडे चुकू नये म्हणून घाईत टर्बो बदलून घेतो. धूर काही दिवस कमी होतो, कारण त्या निमित्ताने नवे ऑइल आणि नवा फिल्टर पडलेला असतो. दोन महिन्यांनी धूर पुन्हा दिसतो. आता दोष टर्बो विकणाऱ्याला दिला जातो. टर्बो तपासणीस जातो आणि त्यात उत्पादनदोष नसल्याचा शेरा येतो. हमीचा दावा फेटाळला जातो. दरम्यान, झाकण उघडून पाहिले असते तर पहिल्याच दिवशी कळले असते की, ब्रीदर गाळाने बंद होता. त्याची सफाई अर्ध्या तासाचे काम होते.

या उदाहरणात मिस्त्री अप्रामाणिक आहे, असे समजण्याचे कारण नाही. टर्बोत ऑइल दिसले आणि टर्बो बदलला, हा तर्क वरवर पाहता सरळच आहे. म्हणूनच वाहनधारकाने दुरुस्तीस होकार देण्यापूर्वी एक प्रश्न आवर्जून विचारावा: 'हा टर्बो कशामुळे खराब झाला?' या प्रश्नाचे उत्तर मिळेपर्यंत खर्चाला मान्यता देऊ नये.

दुरुस्ती करताना

टर्बो खराबच झाला असेल, तर दोन मार्ग असतात. एक म्हणजे संपूर्ण टर्बो बदलणे आणि दुसरा म्हणजे दांडा, चक्रे व बेअरिंग असलेला मधला भाग, ज्याला बाजारात 'कोअर' म्हणतात, तेवढाच बदलणे. कोअरचा खर्च कमी असतो. तथापि, एवढ्या वेगाने फिरणाऱ्या भागाचे संतुलन यंत्रावर तपासलेले असणे अत्यावश्यक आहे. ज्या टर्बोत पात्यांचा कोन बदलणारी यंत्रणा असते, तेथे तिची मापेही जुळवावी लागतात. संतुलनाचा तपशील देऊ न शकणारा स्वस्त कोअर पुढे महाग पडतो.

बसवण्याची पद्धतही तितकीच महत्त्वाची आहे. ऑइल आणि ऑइल फिल्टर नवे हवे. ऑइल आणणारी नळी शक्यतो नवी घ्यावी, कारण जुन्या नळीत जळालेल्या ऑइलचा थर आतून चिकटलेला असतो आणि तो धुऊन जात नाही. इंटरकूलर व होज पूर्णपणे रिकामे करून धुवावेत. हवेचा फिल्टर बदलावा. जुना टर्बो फुटला असेल, तर धातूचे तुकडे वाटेत कोठेही राहू नयेत, याची खात्री करावी. बसवताना टर्बोच्या ऑइलच्या छिद्रात स्वच्छ ऑइल ओतून दांडा हाताने फिरवावा. त्यानंतर इंजिन सुरू न होऊ देता काही सेकंद स्टार्टर फिरवून ऑइलचा दाब तयार होऊ द्यावा. इंजिन सुरू केल्यावर काही मिनिटे मंद गतीत ठेवून प्रत्येक जोड पाहावा. नव्या टर्बोचे पहिले अर्धे मिनिट कोरडे गेले, तर त्याचे आयुष्य तेथेच घटते.

दुरुस्तीनंतर काही दिवस थोडा धूर येऊ शकतो. सायलेन्सरमध्ये साचलेले जुने ऑइल जळण्यास वेळ लागतो. तो हळूहळू कमी होत गेला पाहिजे. पाचशे किलोमीटरनंतर ऑइलची पातळी आणि जोड पुन्हा तपासावेत.

दुर्लक्षाची किंमत

'ऑइल टाकत राहू, गाडी तर चालते' असा विचार करणारेही अनेक आहेत. यात तीन धोके संभवतात. पहिला, ऑइलची पातळी धोक्याच्या खाली जाऊन संपूर्ण इंजिन जाम होण्याचा. दुसरा, जळालेल्या ऑइलची राख डीपीएफ अथवा कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये बसून तो महागडा भाग निकामी होण्याचा. तप्त टर्बोवर बाहेरून ऑइल टपकत असेल, तर आगीचीही शक्यता असते.

तिसरा धोका सर्वांत भयंकर, आणि तो डिझेल इंजिनांपुरता आहे. डिझेल इंजिनाला ठिणगी लागत नाही. हवेच्या वाटेने पुरेसे ऑइल आत आले, तर इंजिन त्यालाच इंधन मानून धावू लागते. चावी बंद केली तरी ते थांबत नाही, कारण चावी डिझेलचा पुरवठा तोडते, ऑइलचा नव्हे. इंजिनाचा वेग आपोआप वाढत जातो, मागे पांढऱ्या-निळ्या धुराचा डोंगर उभा राहतो आणि अनेकदा इंजिन फुटूनच हा प्रकार थांबतो. अशा वेळी हाताने गिअर बदलण्याच्या गाडीत ब्रेक घट्ट दाबून, सर्वांत वरचा गिअर टाकून क्लच सोडल्यास इंजिन गुदमरून बंद पडू शकते. स्वयंचलित गिअरच्या गाडीत हा उपाय चालत नाही. ते जमण्यासारखे नसेल, तर प्रवाशांना उतरवून सर्वांनी दूर जावे. उघड्या बॉनेटपाशी जाऊन हाताने वा कापडाने हवेची वाट बंद करण्याचे धाडस मुळीच करू नये.

सवयी साध्या, लाभ मोठा

टर्बोचे आयुष्य प्रामुख्याने ऑइलवर अवलंबून असते. पुस्तिकेत सांगितलेल्या दर्जाचेच ऑइल, ठरलेल्या मुदतीत, फिल्टरसह बदलावे. धुळीच्या भागात व छोट्या फेऱ्यांच्या वापरात ही मुदत कमी धरावी. अनेक उत्पादकांच्या पुस्तिकांत अशा 'कठीण वापरा'साठी वेगळी मुदत दिलेली असते. ती फारसे कोणी वाचत नाही, एवढेच. सकाळी इंजिन सुरू करताच जोरात ॲक्सिलरेटर दाबू नये. ऑइल टर्बोपर्यंत पोहोचण्यास काही क्षण लागतात.

महामार्गावरून वेगाने आल्यावर लगेच इंजिन बंद करू नये. मिनिटभर मंद गतीत ठेवल्यास टर्बो निवतो. अन्यथा आत अडकलेले ऑइल उष्णतेने जळून कोळशासारखे घट्ट होते आणि हाच थर पुढे परतीची वाट अरुंद करतो. मात्र हे 'मिनिटभर' तासभर होऊ नये. दर्शनाची रांग लांब असेल, तर इंजिन बंद करून गाडी सावलीत लावावी. डिझेल वाचते आणि टर्बोही वाचतो.

टर्बोची गळती हे लक्षण आहे. ताप आला की वैद्य आधी तापाचे कारण शोधतो, तोच न्याय येथे लागू पडतो. हवेचा फिल्टर, ब्रीदर, परतीची नळी आणि ऑइलची पातळी या चार गोष्टी पाहण्यास एक दुपार पुरते आणि त्यासाठी मोठ्या शहरातील कार्यशाळा गाठावी लागत नाही. गावातील जाणता मिस्त्रीही हे काम करू शकतो. टर्बोच्या पावतीवर सही करण्यापूर्वी ती दुपार खर्ची घालणे, हे वाहनधारकाच्या हिताचे आहे.